मुक्या साक्षीदारांची विद्या



मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींचे पत्र आले. ते लिहितात, ‘माझी एक विद्यार्थिनी यंदा बारावी शास्त्र शाखेत आहे. मुलगी हुशार आहे. तिला गुन्ह्याच्या तपासाचे शास्त्र विद्यापीठात शिकावयाचे आहे. तिचे वडील म्हणतात, “पोरीच्या जातीनं मढ्यांची विद्या शिकायची? आणि शिकून खाणार काय?” वडिलांना काय सांगावे हे मलाही उमगत नाही. आपण या विषयावर चार शब्द सांगाल का?’

गुरुजी, हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत, आणि तितकेच त्या वडिलांसाठीही आहेत. आपल्या लेकीची काळजी वाहणाऱ्या बापाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

या विद्येला सरकारी मराठीत न्यायसहायक विज्ञान म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ सोपा आहे. न्यायाला साहाय्य करणारे ते विज्ञान. कोर्टात माणसे साक्ष देतात. माणूस विसरतो, घाबरतो, कधी भावकीच्या भिडेने गप्प बसतो, तर कधी पैशाने फिरतो. पण कापडावरचा डाग, फुटलेली काच, चिखलातला पायाचा ठसा हे साक्षीदार फिरत नाहीत. अडचण एवढीच की ते मुके असतात. त्यांना बोलते करण्याची जी विद्या, ती ही.

आता तुम्ही म्हणाल, ही काहीतरी परदेशी टूम आहे. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रातच पूर्वी गावोगाव माग काढणारे रखवालदार होते. रात्री चोरी झाली की सकाळी ते पावलांचा माग धरून निघत. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, की पुढची जबाबदारी त्या गावाची. मातीवरचे पाऊल वाचणे ही त्यांची वडिलोपार्जित विद्या होती. आजचे विज्ञान तेच काम भिंगाने आणि रसायनाने करते.

चीन देशातली एक जुनी हकीकत ऐका. सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली गुन्ह्याच्या तपासावर एक ग्रंथ लिहिला. त्यात ती सांगितली आहे. एका गावात रस्त्याच्या कडेला एक माणूस मारलेला सापडला. जखमा पाहून अधिकाऱ्याने ताडले, की हे घाव विळ्याचे आहेत. त्याने आसपासच्या लोकांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला लावले. दिवस उन्हाचे होते. सगळे विळे धुतलेले आणि स्वच्छ दिसत होते. पण थोड्याच वेळात माश्या येऊन एकाच विळ्यावर बसू लागल्या. रक्ताचा वास माणसाला येत नव्हता, पण माश्यांना येत होता. अधिकाऱ्याने त्या विळ्याच्या मालकाकडे पाहिले, आणि त्याने गुन्हा कबूल केला.

पाहा, साधी माशी! शेतकऱ्याला माहीत असलेलीच गोष्ट. पण ती वेळेवर आठवणे आणि तिचा उपयोग करणे, याला शास्त्रीय दृष्टी म्हणतात.

पुढे युरोपात या विद्येला रूप आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील विद्यापीठात १९०९ साली राइस नावाच्या प्राध्यापकाने या विषयाची पहिली संस्था काढली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समधील लियों शहरात एदमों लोकार यांनी पोलिसांची प्रयोगशाळा सुरू केली. लोकार यांच्या विचाराचे सार असे : दोन वस्तू एकमेकींना लागल्या की काहीतरी देतात आणि काहीतरी घेतात. तुम्ही ज्वारीच्या रानातून चालत गेलात, तर कुसळे धोतराला लागतात आणि तुमचे पाऊल रानात उमटते. गुन्हेगाराचेही तसेच. तो येताना काही आणतो आणि जाताना काही नेतो. ते ‘काही’ शोधणे एवढेच तपासणाऱ्याचे काम.

आपला देश या कामात मागे नव्हता, उलट एका बाबतीत पुढेच होता. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्षेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८५८ साली एका ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. हेतू हा, की पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये. त्यातूनच पुढे बोटांच्या ठशांचा अभ्यास वाढला. कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. एडवर्ड हेन्री हे तेथील पोलिसांचे मुख्य होते. पण लाखो ठशांतून नेमका ठसा सापडावा अशी वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. पुढे जगभर ही पद्धत हेन्रींच्या नावाने चालली. या दोघांची नावे मात्र मागे पडली. गुरुजी, वर्गात ही नावे जरूर सांगा.

त्याच सुमाराला जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्यावर व्यवस्थापकाचा खून झाला. तिजोरीतला पैसा गेला. तिथल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा पुसटसा ठसा मिळाला. तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. त्याला चोरीबद्दल शिक्षा झाली, पण खुनाच्या आरोपातून १८९८ साली न्यायालयाने त्याला सोडले. का? तर ठसा एवढेच सांगत होता, की हा माणूस तेथे होता आणि त्याने त्या वस्तूला हात लावला. वार कोणी केला हे ठसा सांगत नव्हता. या विद्येचा पहिला धडा हाच आहे. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे. त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

आता विद्यापीठात शिकवतात काय, ते पाहू.

पहिला विभाग रक्त, लाळ, केस यांचा. समजा, मारामारीच्या गुन्ह्यात एकाच्या घरी कोयता सापडला आणि त्यावर डाग आहे. तो म्हणतो, “साहेब, काल कोंबडी कापली होती.” खरे की खोटे? प्रथम पाहावयाचे, की डाग रक्ताचा तरी आहे काय. त्यासाठी एक रसायन लावतात आणि डाग गुलाबी होतो. पण सावधान! मुळा, बटाटा अशा भाज्यांच्या रसानेही तसा रंग येऊ शकतो. म्हणून तेवढ्यावर थांबत नाहीत. रक्त माणसाचे की जनावराचे, हे ओळखण्याची परीक्षा जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी १९०१ साली शोधली. कोंबडी कापणाऱ्या निरपराध माणसाला त्या परीक्षेने तारले, आणि कोंबडीचे नाव पुढे करणाऱ्याला उघडे पाडले.

त्यापुढची पायरी डीएनएची. आईबापांकडून मुलाला जे गुण येतात त्यांचा लेख प्रत्येक पेशीत असतो. तो लेख एकसारखी जुळी भावंडे सोडली तर माणसागणिक वेगळा. इंग्लंडमधील लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली तो वाचण्याची युक्ती शोधली. लगेच तिचा कस लागला. त्या भागात १९८३ आणि १९८६ साली दोन मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका पोराने त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनी तपासून सांगितले, की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा पोरगा नव्हे. पोरगा सुटला. खरा गुन्हेगार १९८७ मध्ये सापडला आणि पुढल्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. श्रोतेहो, डीएनएचे हे पहिलेच मोठे काम, आणि त्यात आधी एक निरपराध वाचला, मग दोषी सापडला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा विभाग विषांचा. आपल्याकडे कीटकनाशक पोटात गेल्याने होणारे मृत्यू थोडे नाहीत. ते विष चुकून गेले, स्वतः घेतले, की कोणी घातले? मृताच्या पोटातील अवयवांचा अंश बरणीत घालून प्रयोगशाळेकडे पाठवतात. लोक त्याला ‘व्हिसेरा’ म्हणतात. बहुधा तो मिठाच्या घट्ट द्रावणात ठेवलेला असतो. त्यातून विष वेगळे काढून ओळखणे हे मोठ्या चिकाटीचे रसायनशास्त्र आहे.

तिसरा विभाग कागदपत्रांचा. खेड्यातल्या माणसाला याचे मोल अधिक. खरेदीखतावरची सही खरी की गिरवलेली? आकड्यापुढे शून्य मागाहून वाढवले काय? शाई एक की दोन? एका अंगठ्याच्या ठशावर जमिनी गेल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. त्याच अंगठ्याची खरी पारख झाली, तर जमीन वाचतेही.

याखेरीज बंदुकीच्या गोळीवरचे ओरखडे, काच, माती, गाडीचा रंग यांचा एक विभाग आहे, बोटांच्या ठशांचा एक आहे, आणि आता मोबाईल व संगणक यांचाही मोठा विभाग झाला आहे. बँकेतून बोलतो असे सांगून म्हाताऱ्या माणसाची पुंजी लुबाडणारा कोठून बोलत होता, हे शोधणारे लोक याच विद्येचे. त्यांच्या जोडीला कायदा शिकवतात, कारण शेवटी सारे न्यायाधीशांपुढे मांडावयाचे असते.

आता वडिलांच्या पहिल्या शंकेकडे येऊ. मढी चिरण्याचे काम या पदवीधरांचे नव्हे. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी आधी वैद्यकीय पदवी घ्यावी लागते आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्राचा अभ्यास करावा लागतो. न्यायसहायक विज्ञान शिकलेली मुलगी पांढरा अंगरखा घालून प्रयोगशाळेत बसेल, कधी घटनास्थळी जाईल आणि कधी कोर्टात साक्ष देईल. ती कोणाला अटक करीत नाही. तिला दोन्ही पक्षांपासून सारखेच अंतर ठेवावे लागते. आणि हे काम मुलींनी करू नये असे त्यात काहीही नाही.

शिकायचे कोठे? आपल्या देशात सागर विद्यापीठात १९५९ साली या विषयाचा विभाग निघाला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गुजरात सरकारने गांधीनगरला काढलेल्या विद्यापीठाचे २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झाले. त्याची एक शाखा गोव्यात फोंड्याजवळ आहे. बारावीला शास्त्र शाखा असावी लागते. तीन किंवा चार वर्षांची पदवी, त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा दोन्ही मिळून पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम असे मार्ग आहेत. प्रवेशाचे नियम आणि शुल्क दरसाल बदलते, म्हणून संस्थेचे त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

हे सांगण्याचे कारण आहे. हा विषय चित्रपटांमुळे लोकप्रिय झाला आणि ठिकठिकाणी अभ्यासक्रम निघाले. त्यांतले काही उत्तम आहेत, काही नुसते नावाचे. प्रवेश घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे काय? प्रयोगशाळा प्रत्यक्ष दाखवाल काय? शिकवणारे स्वतः या विषयात काम केलेले आहेत काय? मागल्या वर्षीची मुले आज कोठे आहेत? उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्या दारातून माघारी फिरा.

आणि पोटाचे काय? खरे सांगतो. पदवी मिळाली की नोकरी धावत येईल, असे नाही. सरकारी प्रयोगशाळांतील जागा जाहिरात निघून परीक्षेने भरतात, आणि पुष्कळ जागांना रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे पदवीधरही चालतात. म्हणून शहाणपणाचा एक मार्ग असा : मुलीचा मूळ विषय पक्का असू द्या. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन पदवी, आणि मग न्यायसहायक विज्ञानाची पदव्युत्तर पदवी. मग एक दार बंद झाले तरी औषधांच्या कारखान्याचे, अन्नतपासणीचे किंवा अध्यापनाचे दुसरे दार उघडे राहते.

पण गरज वाढते आहे हेही खरे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्या १७६व्या कलमात सांगितले आहे, की ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, त्याच्या घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाऊन पुरावा गोळा करावा, आणि त्याचे चित्रीकरणही व्हावे. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. एवढ्या घटनास्थळी जायचे म्हणजे माणसे लागणारच, आणि तीही तालुक्या-तालुक्यांत. खेड्याचा रस्ता, खेड्याची बोली, रान आणि विहीर ठाऊक असलेली मुले तेथे शहरी मुलांपेक्षा उणी पडणार नाहीत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे शास्त्र चुकत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. स्पेनमध्ये माद्रिद येथे २००४ साली आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवर सापडलेला बोटाचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे, असे तेथील मोठमोठ्या तज्ज्ञांनी खात्रीने सांगितले. वकिलाला अटकेत ठेवले. पुढे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिले, की ठसा अल्जीरियाच्या दुसऱ्याच माणसाचा आहे. अमेरिकन सरकारला माफी मागावी लागली. ठसा खोटे बोलला नव्हता, वाचणारे चुकले होते. पहिल्याने ‘जुळले’ म्हटल्यावर बाकीच्यांनीही मान डोलावली. म्हणून या विद्येत सर्वांत अवघड वाक्य कोणते? ‘यावरून निश्चित सांगता येत नाही,’ हे. वरिष्ठांचा आग्रह असो, गावाचा रोष असो, जे दिसत नाही ते ‘दिसत नाही’ म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यानेच या वाटेला जावे. तुमची विद्यार्थिनी गणित चुकले तर उत्तर पाहून आकडे जुळवते, की पहिल्यापासून पुन्हा सोडवते? गुरुजी, याचे उत्तर तुम्हालाच माहीत. मार्कांपेक्षा ते अधिक सांगेल.

आता ज्यांना विद्यापीठात जायचे नाही, त्यांनाही या विद्येचे थोडे ज्ञान हवे, कारण घटनास्थळी सर्वांत आधी पोचतो तो गावकरीच. माणूस जिवंत असेल तर आधी त्याचा जीव. बाकी सगळे नंतर. विष घेतलेल्याला दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्या. डॉक्टरला उपचार करायला तो लागतो, आणि पुढे तपासालाही लागतो. माणूस गेलेलाच असेल, तर गर्दी हटवा, काही हलवू नका, अंगण सारवू नका, भांडी घासू नका. पुष्कळदा वाईट हेतूने नव्हे, तर लाजेने आणि मायेने माणसे डाग धुतात, आणि न्यायाचा एकमेव साक्षीदार गटारात वाहून जातो. पंच म्हणून बोलावले, तर न वाचता सही ठोकू नका. डोळ्यांनी पाहिले तेवढ्यालाच सही द्या. रक्ताचे ओले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडले तर कुजते. ते सावलीत वाळवून कागदात बांधावयाचे असते. हे काम पोलिसांचे, पण पंचाला ठाऊक असले तर तो निदान विचारू शकतो.

आणि शिक्षकबंधूभगिनींनो, या विद्येची पहिली पायरी तुमच्याच वर्गात आहे. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवा. शाईतले रंग वेगवेगळे होऊन वर चढतील. दोन पेनांच्या शाया वेगळ्या कशा, ते मुले स्वतः पाहतील. काचेच्या पेल्यावर बोट दाबा, शिसपेन्सिलीची बारीक पूड मऊ कुंचल्याने फिरवा, आणि चिकटपट्टीने ठसा उचला. शाळेतले फिनॉल्फ्थॅलीन सोड्याच्या पाण्यात गुलाबी होते, हे तुम्ही दरवर्षी दाखवता. त्याचीच पूड लावलेल्या नोटा लाच घेणाऱ्याच्या हाती पडल्या, की सोड्याच्या पाण्यात धुतलेले त्याचे हात गुलाबी होतात. लाचलुचपत खात्याचा सापळा तो हाच. एवढे सांगितलेत, तर तो धडा मुले जन्मभर विसरणार नाहीत.

शेवटी त्या वडिलांना एकच सांगतो. दादा, तुमच्या लेकीची विद्या ही मढ्यांची विद्या नव्हे. मेलेला माणूस बोलू शकत नाही, आणि गरीब माणूस जिवंत असूनही पुष्कळदा कोर्टात बोलू शकत नाही. त्या दोघांच्या वतीने बोलणारी ही विद्या आहे. उद्या खोट्या आरोपात सापडलेल्या एखाद्या बापाचा मुलगा ‘माझा बाप निर्दोष आहे’ असे रडून सांगत असेल आणि कोणी ऐकत नसेल, तेव्हा प्रयोगशाळेतली एखादी मुलगी रात्री उशिरापर्यंत बसून एक डाग दुसऱ्यांदा तपासत असेल. ती मुलगी तुमची असली, तर त्यात कमीपणा कसला?

शुल्काची चौकशी करा, संस्था डोळ्यांनी पाहून या, मुलीचा मूळ विषय पक्का करून घ्या. मग तिचा तिला निर्णय करू द्या.

नमस्कार.